लुगड्याच्या गाठीखाली

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला पहिला धडा दिला तो लुगड्याच्या गाठीचा. लग्न होऊन मी साताऱ्यातून माण तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या गावात आले, तेव्हा अंगावर पाचवारी पातळ होतं आणि डोक्यात सातवी पास झाल्याची हवा होती. जाऊबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्ये पातळ हाय का पडदा? वाऱ्यानं उडून जाशील की गं. बाईचं लुगडं कसं पायजे? सकाळी गाठ मारली की दिस मावळोस्तर तिला हात लावाया लागू नये."

असं म्हणून त्यांनी आपल्या कमरेची गाठ दाखवली. नऊवारीचं टोक कमरेभोवती फिरवून डाव्या अंगाला करकचून मारलेली. वर निऱ्यांचा ओचा, मागं घट्ट कासोटा. त्या एका गाठीच्या जोरावर बाई दिवसभर राबायची. पाणी शेंदायची, खुरपायची, शेळ्यांमागं डोंगर चढायची. दुष्काळात तर सरकारी कामावर त्यांनी खडी फोडली होती, आणि तिथं गडीमाणसांच्या आधी त्यांचा ढीग पुरा व्हायचा असं अख्खं गाव सांगायचं.

मी त्यांना अक्का म्हणायचे. त्या मला 'सातारकरीण' म्हणायच्या, आणि ते काही कौतुकानं नव्हे. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. थोरले दीर पलटणीत, माझे मालक मुंबईत नोकरीला. घरात आम्ही दोघी जावा, अक्कांची लग्नाला आलेली लेक, आणि आठ शेळ्या. अक्का माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या आणि स्वभावानं हुकमी. मी तापट. दिवसातून दोनदा आमचं वाजायचंच. त्यात बिचाऱ्या शेळ्यासुद्धा कान टवकारून ऐकायच्या.

त्या गावात कष्टाळू बाईची खूण म्हणजे कमरेचा घट्टा. वर्षानुवर्षं एकाच जागी लुगडं आवळलं की कातडी काळी पडते, जाड होते, तिथं पट्टाच उमटतो. ओढ्यावर धुणं धुताना बाया एकमेकींच्या घट्ट्यावरून चेष्टा करायच्या. जिचा घट्टा जास्त काळा तिचा तोरा जास्त. माझ्या कमरेला काहीच नाही म्हटल्यावर त्यांना काय, आयतंच सावज सापडलं. "लोण्याची कंबर हाय गं सातारकरणीची, जपून बस, इतळंल!" म्हणून हसायच्या. अक्का सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. मला राग यायचा, पण खरं सांगते, मनातून मलाही तो घट्टा हवासा वाटायचा.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. लेकीची सोयरीक जुळली. मेढ्याकडचं घर, मुलगा पलटणीत, मुलाचे चुलते आणि माझे दीर एकाच तुकडीत. सुपारी फुटली आणि वैशाखातलं लग्न ठरलं. अक्कांचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. लेक चांगल्या घरी पडावी एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता, आणि तो पुरा होत आला होता.

पौषाचे दिवस होते. माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आठवड्यातून एकदा ढिगानं धुणं माझ्या अंगावर टाकणाऱ्या अक्का हल्ली आपलं लुगडं आपणच धुवायच्या. तेही माझ्या आधी ओढ्यावर जाऊन. मी म्हटलं, सूर्य कुठं उगवला आज? "लगीनघर हाय, जरा हात हालवावं म्हनलं," त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. अक्का आणि मला कामात सवलत देणार? छे!

मग एक दिवस त्यांना ताप भरला. घोंगडीवर पडून राहिल्या. मी त्यांचं सोडलेलं लुगडं उचललं आणि ओढ्यावर नेलं. पाण्यात बुडवायला घडी उलगडली, तर डाव्या अंगाला, गाठ येते बरोबर त्याच जागी, गंजासारखा डाग. नुसतं रक्त नव्हे, पूही. वास असा की मी तोंड फिरवलं. आणि त्या डागाच्या खाली जुने, धुऊन पुसट झालेले डाग. एकावर एक.

मी लुगडं तसंच बादलीत टाकलं आणि तरातरा घरी आले.

"अक्का, हे काय?"

"काय कुठं? ठेव ते."

"कंबर दाखवा."

"लाज न्हाई वाटत? थोरल्या जावंची कंबर बघतीया!"

"दाखवता का गोळा करू आळी?"

तापानं अंगात जोर नव्हता म्हणून, नाहीतर त्यांनी मला उखळात घालून कुटलंच असतं. शेवटी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि पदर बाजूला सारला. मी वाकून पाहिलं. घट्ट्याचा काळा पट्टा नेहमीचाच, पण डाव्या अंगाला तो मधेमधे पांढरा पडलेला, खवले सुटलेले. आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध रुपयाएवढी जखम. कडा जाड, वर उचललेल्या. आत लालभडक मांस. भोवतीनं जळाल्याचे काळे डाग.

"हे जळलंय कशानं?"

"बिब्बा घातला. आधी हळद-चुना केला, काय फरक न्हाई. म्हनलं, बिब्ब्यानं जळून जाईल."

बिब्बा! ज्या बिब्ब्याच्या तेलानं धडधाकट कातडी फोडासारखी उठते, तो ह्या बाईनं भळभळत्या जखमेवर घातला होता. एकदा नव्हे, चारदा. आणि रोज सकाळी त्यावर चिंधीची घडी ठेवून वरून तीच गाठ, त्याच जागी, तितकीच करकचून. सैल मारायची म्हणजे काय, ढिली बाई म्हणतील ना लोक!

"कधीपासून आहे?"

"गेल्या साली जोंधळं काढतावेळी कातडीला चीर पडली हुती. तवापासनं भरतीया, पुन्यांदा उघडतीया."

वर्ष होऊन गेलं होतं. माझे वडील साताऱ्यात एका दवाखान्यात कंपौंडर होते. मी लहानपणी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून औषधाच्या बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवायची. तिथले डॉक्टर एका गोष्टीवरून पेशंटला फार फाडून खायचे. महिना झाला तरी न भरणारी जखम घरी ठेवून बसणाऱ्यांना. असा एक म्हातारा आला होता, गालावर फोड घेऊन. डॉक्टर त्याच्यावर ओरडले आणि तो गेल्यावर वडिलांना हळूच म्हणाले, उशीर झाला. त्या म्हाताऱ्याचा गाल माझ्या डोळ्यांपुढं आला.

"अक्का, उद्या दवाखान्यात जायचं."

त्या चटकन उठून बसल्या. ताप कुठल्या कुठं पळाला.

"अजाबात न्हाई! ह्ये पांढरं बघितलंस न्हवं? कुणाच्या नजरंला पडलं तर काय म्हनतील? कोड म्हनतील, कोड! आयला कोड हाय म्हनल्यावर लेकीला कोन पदरात घील? सुपारी परत यील माझ्या दारात. लगीन होऊ दे. मग कुठं न्यायचं तिथं ने."

"वैशाखाला चार महिने आहेत, अक्का."

त्यांनी माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय तुला. कुनाला एक सबुद बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी गप्प बसले. चार दिवस बसले. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ कधी गप्प बसले नव्हते. त्या चार दिवसांत अक्का पुन्हा कामाला लागल्या होत्या. पाण्याची घागर काखेत मारली की त्यांच्या ओठांची कड दाताखाली जायची. मी ते बघायची आणि माझं डोकं भणभणायचं. शपथ मोडली तर बाई मरेल म्हणे. आणि पाळली तर?

पाचव्या दिवशी मी ठरवलं. शपथ गेली खड्ड्यात.

मी म्हटलं, "अक्का, रुखवतात मांडायला भांडी घ्यायचीत ना? सांगलीला माझी मावशी आहे, तिच्या ओळखीचं दुकान आहे. चला, दोघी जाऊन येऊ." भांड्यांचं नाव काढल्यावर अक्का कुठल्या मागं राहतात! लेकीला शेजारच्या काकूंकडं ठेवलं आणि सकाळच्या एसटीनं निघालो. दहिवडी, मग मायणी, मग विटा. गाडी अशी हादरत होती की खडखडाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला अक्कांचा हात डाव्या कमरेवर जायचा, आणि मी बघतेय म्हटल्यावर खिडकीला जायचा. रात्र मावशीकडं काढली. सकाळी उठून मी म्हटलं, "मावशी म्हणते भांडी मिरजेला जास्त चांगली." मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं, की ही पोरगी काय बोलतेय! मी तिला डोळ्यानं गप्प केलं.

मिरजेत टांग्यातून उतरलो. समोर मोठं फाटक, आत झाडं, पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाया, बाकांवर माणसांच्या रांगा. अक्का थांबल्या. त्यांनी फाटकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ह्ये भांड्याचं दुकान?"

मी टांगेवाल्याचे पैसे मोजायला लागले.

"व्हय गं, ह्ये भांड्याचं दुकान? शपथ घातली हुती मी तुला!"

"घातली होती. मोडली मी. आता आत चला."

"माझ्या पोरीचं लगीन मोडाया निगालीस. वैरीण हायेस तू माझी, दावेदारीण!"

अशा त्या भररस्त्यात मला बोलत होत्या, आणि टांगेवाला घोडा थांबवून मजा बघत होता. त्या मागं वळून चालायला लागल्या. मग मात्र माझा तोल सुटला. मी ओरडले, "जा! खुशाल जा! मी इथं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते तुमच्या कमरेला काय झालंय ते. माण तालुक्यातलं एक तरी माणूस भेटेलच!" अक्का जागच्या जागी थिजल्या. दात-ओठ खात परत आल्या आणि माझ्याकडं न बघता फाटकातून आत गेल्या. बाकावर बसल्या तेव्हा आमच्या दोघींच्या मधे आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा ठेवली.

आत बाई डॉक्टर होत्या हे आमचं नशीब. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या, बोलायला तुटक. त्यांनी पडदा ओढला, अक्कांना आडवं केलं, दिवा जवळ घेतला. जखमेच्या कडा बोटानं चाचपल्या, मग दोन्ही जांघा दाबदाबून पाहिल्या. गाठी कुठं आल्यात का ते बघत होत्या.

"लुगडं किती वर्षं नेसता?"

"कळतं तवापासनं."

"गाठ नेहमी इथंच?"

"मग? जागा काय रोज बदलायची असती व्हय?"

"बदलायची असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीस-पस्तीस वर्षं एकाच जागी गाठ काचली की कातडी आधी काळी पडते. मग पांढरी. मग खवले सुटतात, चीर पडते, आणि एक दिवस ती चीर भरायची थांबते. घाम आणि धूळ आहेच. ह्या जागेचा कॅन्सर मी पुरुषांतही पाहिलाय, धोतर घट्ट नेसणाऱ्यांत. हे कोड नाही, बाई. कोड असं करत नाही."

कॅन्सर हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणाच्या तोंडात नव्हता. अक्कांना तो कळलाच नाही. त्यांनी ऐकलं ते एकच. हे कोड नाही. त्यांनी डोळे मिटले. मला मात्र सगळं कळलं; वडिलांच्या दवाखान्यात तो शब्द मी ऐकला होता.

"आणि हा बिब्बा कुणी घातला?"

"मीच की."

"छान केलंत. शत्रूनं केलं नसतं ते स्वतः केलंत." मग त्या माझ्याकडं वळल्या. मी तेवढ्यात जरा हसले होते, कारण अक्कांना कुणी तरी रागावतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "तू हसू नकोस. तुझा परकराचा नाडा दाखव."

मी नाडा दाखवला. सुतळीएवढा बारीक नाडा, कचकून बांधलेला. खालच्या कातडीवर बारीक काळी रेघ उठलेली. मला ठाऊकही नव्हती.

"ही सुरुवात आहे. नाडा रुंद पट्टीचा घाल, सैल बांध, वर-खाली जागा बदलत जा. पाचवारी नेसलीस म्हणून सुटली नाहीस."

लोण्याची कंबर! मी तिथंच नाडा सैल केला.

त्यांनी जखमेच्या कडेचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी या म्हणाल्या. आम्ही गावी परतलो. ते आठ दिवस अक्का माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. काही सांगायचं झालं तर शेळीला सांगायच्या. "आज कुनीतरी पानी आनलं तर बरं व्हईल गं बाय," असं शेळीच्या कानाशी. मी पाणी आणायची. पण एक झालं. गाठ उजव्या अंगाला गेली.

आठ दिवसांनी पुन्हा मिरज. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. पण खोल गेलेला नाही, जांघेत काही हाताला लागत नाही. आता कापून काढला तर बाई बरी होईल. वैशाखापर्यंत थांबाल तर मी काही सांगू शकणार नाही. अक्कांनी विचारलं, "बरी व्हईल म्हंजी? लगनात उभी ऱ्हाईन?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उभ्या राहाल. नाचायचं तेवढं बघून नाचा."

दिरांना तार केली. त्यांची उलट तार आली, दोन शब्दांची. धाकटीचं ऐक म्हणून. तो कागद अक्कांनी चारदा मला वाचायला लावला. पाचव्या वेळी म्हणाल्या, "बरं, कळलं." त्या माझ्याशी बोलायला लागल्या त्या तिथून.

कापताना बरंच मोठं कापलं, भोवतीची चांगली कातडीही काढली आणि मांडीची पातळ कातडी घेऊन तिथं लावली. तीन आठवडे आम्ही वॉर्डात होतो. शेजारच्या खाटेवर जत भागातली एक बाई होती. लहानपणी चुलीत पाय पडून नडगी भाजलेली. तो जुना व्रण पन्नाशीत उघडला आणि तिनं दोन वर्षं पाला बांधला. तिचा पाय गुडघ्यापासून काढला होता. जुन्या भाजल्याची जागा अशी उघडली की लगेच यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्का तिच्याकडं तासन्‌तास बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हिला सातारकरीण न्हाई भेटली." बस, एवढंच म्हणाल्या आणि कूस बदलली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात धरून रडले.

कापलेला भाग तपासून आला. कडा साफ. सगळं निघालं होतं. डॉक्टरीणबाई कागद हलवत वॉर्डात आल्या आणि पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. "जिंकलात," त्या म्हणाल्या. मी तर उड्या मारायचीच बाकी होते. वॉर्डातल्या बायांनी अक्कांच्या खाटेवर साखर वाटली. अक्का मात्र डॉक्टरांना विचारत होत्या, आता सैल गाठीनं लुगडं घसरलं तर काय करायचं!

आम्ही गावी आलो तेव्हा फाल्गुन लागला होता. आणि जे व्हायचं भय होतं ते झालंच. कुणीतरी मेढ्याला कळवलं होतं. पोरीच्या आईला अंगभर कोड आहे, मिरजेला लपून औषध घेते, असं. चौथ्या दिवशी विहीणबाई दारात. बरोबर त्यांचे दीर. घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला. विहीणबाईंनी तांब्याला हात लावला नाही. सोयरिकीच्या घरात पाणी न घेणं म्हणजे काय, ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. आत लेक भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरंफटक.

"आमच्या कानावर काय बाय आलंया," विहीणबाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "कानावर आलं तर कान धुवून या!" असं मी म्हणणार, तोच अक्कांनी मला हातानं मागं सारलं. थकलेली बाई, नीट उभं राहता येत नव्हतं, पण मान ताठ.

"आवं विहीणबाई, आत चला. ऐकल्यालं ऱ्हाऊ द्या. डोळ्यानं बघा."

माजघरात उजेड कमी होता. अक्कांनी माझ्या दिरांची पलटणीतली बॅटरी माझ्या हातात दिली. "धर गं." आणि त्यांनी लुगडं सोडलं. ज्या बाईनं मला शपथ घालून तोंड बंद केलं होतं, तीच बाई व्याह्यांच्या बाईसमोर कंबर उघडी करून उभी होती. त्यांनी सगळं सांगितलं. काळं, पांढरं, खवले, चीर. जखम, बिब्बा, कापणं. आवाज एकदाही हलला नाही. मग म्हणाल्या, "ह्ये असं हाय. कोड न्हाई. आन् असतं तरी बी मी हीच आसते, माझी लेक तीच आसती. आता सोयरीक ठिवायची का मोडायची ते तुमी ठरवा."

विहीणबाई बॅटरीच्या उजेडात त्या नव्या कातडीकडं बघत राहिल्या. मग बघते तर त्यांचा हात आपल्या कमरेवर गेला. उजव्या अंगाला.

"चीर पडल्यावर," त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "खाज सुटती का वो?"

अक्कांनी माझ्या हातातली बॅटरी हिसकावून घेतली. "सोडा लुगडं."

काळा पट्टा, मधे पांढरट, खवले, आणि गाठीच्या जागी नखभर चीर. विहीणबाईंनी कुणाला दाखवली नव्हती. मुलाच्या लग्नात कोडाची बातमी फुटेल म्हणून! अगं बाई, दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसल्या होत्या! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. अक्कांनी बाहेर येऊन विहीणबाईंच्या दिरांना सांगितलं, "पावनं, तुमी आज मुक्काम करा. विहीणबाई उद्या माझ्यासंगं मिरजेला येनार." ते म्हणाले, कशाला? अक्का म्हणाल्या, "भांडी घ्यायला."

विहीणबाईंनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

मिरजेला डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही तपासलं, तुकडा पाहिला. कॅन्सर नव्हता. मलम दिलं, गाठीची जागा बदलायला लावली, दोन महिन्यांत चीर भरून आली. डॉक्टरीणबाई अक्कांना म्हणाल्या, "असं यावं बाईनं. जखम व्हायच्या आधी." अक्का अशा फुगल्या, की जणू ती चीर त्यांनीच भरली होती.

वैशाखात लग्न झालं. दीर रजा काढून आले होते. हळदीच्या दिवशी मांडवात बाया कमी आणि आमच्या माजघरात जास्त. अक्का बॅटरी घेऊन बसल्या होत्या आणि एकेकीला आत घेत होत्या. "हं, सोड. घट्टा हाय, काय न्हाई, गाठ बदल. तुझी गं? नाडा रुंद कर. तू इकडं ये, ह्ये कवापासनं हाय? महिना झाला? बिब्बा घातलास तर हात मोडून ठिवीन!" ज्या घट्ट्याचा ओढ्यावर तोरा मिरवायचा, तोच आता बाया घाबरून दाखवत होत्या, आणि तपासून झालं की गाठ सैल करून हसत बाहेर पडत होत्या. बाहेर वाजंत्री वाजत होती आणि दीर विचारत होते, माझी बॅटरी कुठं गेली? त्या दिवसानंतर आमच्या गावातून तिघी मिरजेला गेल्या. तिघी चालत परत आल्या.

लेकीची पाठवणी करताना अक्कांनी तिला मिठी मारली आणि कानात सांगितलं ते मी जवळ होते म्हणून ऐकलं. "सासूचं ऐक, नवऱ्याचं ऐक, पर गाठ सैल मार."

वऱ्हाड निघून गेलं. मांडवात उष्ट्या पत्रावळी आणि आम्ही दोघी. मी झाडू घेतला तर अक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला समोर बसवलं. मला वाटलं, आता कशावरून तरी बोलणी बसणार.

"शपथ मोडलीस तू माझी," त्या म्हणाल्या.

"मोडली."

"मेलेलं तोंड बघशील म्हनलं हुतं मी."

"म्हणाला होतात."

त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडं वळवलं. घामानं भिजलेलं, हळदीनं पिवळं झालेलं, रडून सुजलेलं ते तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"मग बघ," अक्का म्हणाल्या. "नीट बघून घे."